पंधरा वर्षांच्या नोंदी थांबवाव्यात काय?

पत्र: माझी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. २०११ पासून मी बागेविषयी मराठीत ब्लॉग लिहितो. लागवड, निसवण (म्हणजे घड बाहेर पडणे), थंडीचा चरका, करपा रोग, भाव, मजुरी, जे घडेल ते लिहिले. पूर्वी दिवसाला दीड-दोनशे लोक वाचायचे, फोन यायचे. आता दिवसाला आठ-दहा जण येतात. मुलगा म्हणतो, नाना, आता ब्लॉग कोणी वाचत नाही, लोक रील पाहतात, आणि गूगलला विचारले तर तेच उत्तर देऊन मोकळे होते. त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. गेल्या वर्षभरात मी काही लिहिलेले नाही. ब्लॉग बंद करून टाकावा, की त्यात अजून काही अर्थ आहे? खरे सांगा, समजूत घालू नका.
— नाना, रावेर तालुका

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

समजूत घालू नका, असे आपण स्पष्ट लिहिले आहे, म्हणून जे गेले आहे त्यापासूनच सुरुवात करते. ब्लॉगची गर्दी गेली आहे आणि ती परत येण्याची चिन्हे मला दिसत नाहीत. आपले चिरंजीव म्हणतात ते खरे आहे, आणि ते त्यांनी आपल्याला तोंडावर सांगितले याबद्दल त्यांच्यावर नाराज होऊ नका.

मात्र ही गर्दी का गेली, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या लिखाणाचा निवाडा करणे योग्य होणार नाही. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आले. पण मराठी ब्लॉगांना खरा बहर आला तो युनिकोड या समान अक्षरपद्धतीमुळे संगणकावर देवनागरी लिहिणे सर्वांच्या आवाक्यात आल्यानंतर. आपण लिहू लागलात तो काळ त्या बहराचा होता. एक ब्लॉग लिहिणारा दुसऱ्याच्या ब्लॉगचा दुवा आपल्या पानाच्या कडेला देत असे, आणि वाचणारे लोक गूगल रीडरसारख्या साधनात आवडीचे ब्लॉग नोंदवून ठेवत, म्हणजे नवा लेख आला की तो आपोआप त्यांच्यासमोर येई. ते रीडर गूगलने १ जुलै २०१३ रोजी बंद केले. तोवर फेसबुक आणि व्हॉट्सॲप गावागावांत पोचले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला की, वाचण्यापेक्षा पाहणेच लोकांना सोपे वाटू लागले. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि २०२४ पासून गूगल भारतातही शोधाच्या निकालांच्या वरच तयार उत्तर मांडू लागले, त्यामुळे खालच्या दुव्यावर बोट ठेवण्याची गरज पुष्कळांना उरली नाही.

हा क्रम एवढ्यासाठी सांगितला की, आपले वाचक दीडशेवरून आठवर आले त्याचे कारण आपल्या लेखणीत शोधू नये. वरच्या अंगाला पाटाचे पाणी दुसरीकडे वळवले म्हणून खालच्या शेताची माती हलकी ठरत नाही. ज्यांनी गर्दीसाठी किंवा जाहिरातींच्या उत्पन्नासाठी ब्लॉग सुरू केले होते, त्यांनी ते बंद केले ते व्यवहाराला धरूनच केले, आणि आपला हेतू तोच असता तर मीही आपल्याला आजच बंद करा असे सांगितले असते. परंतु आपल्या पत्रात पैशाचा शब्द नाही. आपण विचारले आहे ते अर्थाविषयी, म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी आपला ब्लॉग पहिल्या नोंदीपासून वाचला. त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

त्यातील एका नोंदीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. ती आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली आहे आणि तिच्या माथ्यावर वेळ आहे पहाटे पावणेसहाची. पारा दहा अंशांच्या खाली उतरला होता, पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली मृगबाग निसवणीवर होती, आणि नाल्याकडच्या सखल भागात घड खोडातच अडकू लागले होते. आपण बांधावर वाळलेली पाने आणि काडीकचरा पेटवून धूर केलात, पण सातपुड्याकडून येणाऱ्या वाऱ्याने तो धूर विहिरीकडच्या उंच भागात नेला, म्हणजे जिथे गरज कमी होती तिथे. आपण लिहिले आहे की, आदल्या रात्री पाणी द्यायला हवे होते, वीज रात्रपाळीची होती तरी मी कंटाळा केला, ही चूक माझी. मग वीस दिवसांनी त्याच नोंदीच्या खाली आपण आणखी चार ओळी जोडल्या: शेवरीच्या कुंपणाआडच्या पहिल्या सहा ओळी वाचल्या, मधल्या ओळींतील घड वाकडेतिकडे बाहेर आले, आणि नाल्याकडच्या दोन ओळींचे नुकसान भरून निघण्यासारखे नाही. पुढच्या हंगामात नाल्याच्या बाजूलाही शेवरी लावीन, असे शेवटी लिहिले आहे. पुढच्या हंगामाच्या नोंदीत ती लावल्याचा उल्लेखही सापडला.

नाना, ही नोंद वाचताना मी थांबले, कारण माझी सगळी नोकरी धुळ्याच्या एका वाचनालयात झाली आणि त्या काळात राजवाडे संशोधन मंडळात माझे अनेकदा जाणे होत असे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे हे मंडळ उभे राहिले. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, त्यात पानिपतच्या काळातील पत्रे आहेत, आणि पुढे असे बावीस खंड झाले. ही साधने त्यांना तयार ग्रंथांत मिळाली नव्हती. गावोगावी पायपीट करून, लोकांच्या वाड्यांतील माळे आणि पेट्या उघडून, रुमालात बांधलेली दप्तरे त्यांनी गोळा केली. जे कागद घरच्यांना निरुपयोगी वाटत होते, त्यांवर मराठ्यांच्या इतिहासाची मांडणी उभी राहिली. कागद हातात आला की राजवाड्यांचा कटाक्ष तीन गोष्टींवर असे: काळ, स्थळ आणि व्यक्ती. हा मजकूर केव्हाचा, कुठला आणि कोणी लिहिलेला, हे ठरल्याशिवाय त्याला साधन म्हणता येत नाही.

आपल्या पहाटेच्या नोंदीत या तिन्ही गोष्टी आहेत. तारीख आहे, नाल्याकडची सखल जमीन आहे, आणि चूक माझी असे म्हणणारा माणूस आहे. आता दर थंडीत आपल्या सर्वांच्या फोनवर येणारा तो संदेश आठवा, ‘केळीवरील चरक्यावर रामबाण उपाय’ असे मथळ्यात म्हणणारा. तो कोणी लिहिला, कोणत्या तालुक्यात, कोणत्या जमिनीवर, कोणत्या वर्षीच्या थंडीत करून पाहिला, आणि करून पाहिल्यावर काय झाले, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात पत्ता नसतो. तो दरवर्षी नव्याने येतो, कारण त्याला वय नाही. ज्याला वय नाही ते चुकीचे ठरवताही येत नाही. ब्लॉग म्हणजे काय, याचे माझ्यापुरते उत्तर एवढेच आहे की, ते तारीख घातलेले, ठरावीक पत्त्यावर राहणारे आणि लिहिणाऱ्याच्या नावावर असलेले लिखाण आहे. हे गुण आजच्या इंटरनेटवर फार कमी मजकुरात एकत्र सापडतात. व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांत पुसले जाते, समूहातील संदेश महिन्याभराने शोधून सहज सापडत नाही, आणि रीलला तारीख असली तरी ती पाहण्याची सवय कोणाला नाही.

चिरंजीवांचा दुसरा मुद्दा, गूगललाच विचारले तर तेच उत्तर देते, हा अधिक गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. मी स्वतः फोनला विचारून पाहिले की, थंडीत केळीचे घड अडकू लागले तर काय करावे. उत्तर आले: रात्री किंवा पहाटे पाणी द्यावे, बागेभोवती धूर करावा, वारा अडवणारे कुंपण असावे, निंबोळी पेंड द्यावी, घडांना पिशव्या घालाव्यात. यात चुकीचे काही नाही. कृषी खात्याच्या पुस्तिकांतही हेच असते. परंतु धूर कोणत्या बांधावर करावा, हे त्या उत्तरात नव्हते, आणि सखल भागात थंड हवा साचते तिथे उंच भागाचा उपाय पुरत नाही, हेही नव्हते. ते असणारही नाही, कारण उत्तर देणारी ही यंत्रे कोणीतरी, कुठेतरी लिहून ठेवलेल्या मजकुरावर शिकतात, आणि मराठीत सर्वसाधारण सल्ल्याचा मजकूर पुष्कळ असला तरी अमुक शिवारात अमुक दिवशी काय झाले हे सांगणारा मजकूर अत्यंत थोडा आहे. आपल्यासारख्यांनी लिहिणे थांबवले, तर यंत्राने दिलेले उत्तर पुढच्या दहा वर्षांतही तेच राहील, आणि ते बरोबर की चूक हे पडताळून पाहण्यासाठी दुसरीकडे कुठे जावे, असे ठिकाणही उरणार नाही.

यात एक अन्याय आहे, हे मी मान्य करते. आपल्या नोंदीतील शहाणपण यंत्र उचलेल आणि रावेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने हे स्वतःचे नुकसान सोसून शिकून लिहिले, असे सांगणार नाही. हे मला मनापासून खटकते. तरीही लिहून न ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, असे मला वाटत नाही, कारण त्यात यंत्रापेक्षा आपल्या शेजारच्या तरुण शेतकऱ्याचे नुकसान अधिक होते.

भाषेचीही एक गोष्ट यात आहे. निसवण, कांदेबाग, मृगबाग, पिलबाग, चरका, हरण्या, हे शब्द आपल्याकडे बांधावर रोज बोलले जातात, पण बाहेरच्या वाचकाला ते अनोळखी असतात. हरण्या म्हटले की, यावल-रावेरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर पिवळे पट्टे पडलेले पान आणि उपटून टाकलेली कोवळी झाडे उभी राहतात. सरकारी पत्रकात मात्र तो कुकुंबर मोझॅक विषाणू असतो. आपल्या ब्लॉगवर हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. बाहेरगावचा विद्यार्थी किंवा नवा कृषी सहायक यांना एकाचा दुसऱ्याशी संबंध लावता येईल, अशी जागा मला दुसरीकडे सहज मिळाली नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांना झाला. पण भाषेचे रोजचे वजन अशाच नोंदींवर पेलले जाते.

आता माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगते, कारण ब्लॉग बंद करावा की नाही या प्रश्नाला तिचा थेट संबंध आहे. माझी आई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, फार चांगले करीत असे. ज्वारी किती दिवस भिजवायची, दळण किती जाड हवे, घाटा, म्हणजे शिजवलेले पीठ, चुलीवरून केव्हा उतरवायचा, ढगाळ हवा असेल तर काय करायचे, हे सारे तिच्या तोंडून ऐकून चार उन्हाळे मी एका समाजमाध्यमावर छायाचित्रांसह लिहीत होते. नातेवाईक तिथेच होते, कौतुकही तिथेच होत होते, त्यामुळे दुसरीकडे कुठे लिहावे असे वाटले नाही. एके दिवशी खाते उघडेना. नियमभंग झाल्याचा एक ठरावीक संदेश आला, कोणता नियम ते सांगितले नाही, आणि मी केलेल्या अर्जांना उत्तर आले नाही. त्या वेळी आई होती, पण तिची स्मृती गेली होती. तो मजकूर माझ्याकडे कोठेही नाही. बिबडे मी आजही करते, पण घाटा उतरवण्याची वेळ मला दरवेळी अंदाजाने ठरवावी लागते.

हे माझ्या एकटीचे दुर्दैव नाही. याहूने जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले तेव्हा लोकांनी बनवलेली असंख्य पाने गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, आणि भारतात तर एका पिढीच्या गप्पा, ओळखी आणि कविता त्यावर होत्या. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले सामान ओसरीचा मालक म्हणेल तेव्हा उचलावे लागते. ब्लॉगही पूर्णपणे आपल्या मालकीचा असतो, असे मी म्हणणार नाही, कारण आपला ब्लॉग ज्या ब्लॉगर सेवेवर आहे ती गूगलचीच आहे. फरक एवढा आहे की, इथला मजकूर आपल्याला संपूर्ण उचलून दुसरीकडे नेता येतो, आणि ते आपण या आठवड्यातच करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्यासाठी ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मजकुराचा बॅकअप घ्यावा. एक फाइल उतरेल, तिच्यात सगळ्या नोंदी तारखांसह असतील, आणि पुढे कधी वर्डप्रेसवर जायचे ठरले तर त्यातला मजकूर तिथे नेता येतो. छायाचित्रे मात्र त्या फाइलमध्ये येतीलच असे नाही, म्हणून ती वर्षवार वेगळी उतरवून एका पेनड्राइव्हवर आणि घरातील आणखी एका ठिकाणी ठेवावीत. दुसरे काम पासवर्डचे. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे, आणि आपण वर्षभर लिहिलेले नाही, तेव्हा त्या खात्यात अधूनमधून प्रवेश करीत राहावे. गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्यासाठी एक सोय आहे, ज्यात आपल्यानंतर त्यातील मजकूर कोणाला मिळावा, हे आधी ठरवून ठेवता येते. तिथे चिरंजीवांचे नाव घाला. शेताचा सातबारा कोठे आहे हे जसे घरात ठाऊक असते, तसे हेही ठाऊक असावे. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरातील पाने जतन करते, आणि तिच्या वेबॅक मशीनवर कोणालाही आपल्या पानाचा पत्ता देऊन ते साठवून घेता येते. आपल्या दहा-वीस महत्त्वाच्या नोंदी तरी चिरंजीवांना सांगून तिथे साठवून घ्या, ते काम अर्ध्या तासाचे आहे. इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) घेण्यास वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, पण त्याचे नूतनीकरण विसरले तर पत्ता हातचा जातो, म्हणून दरवर्षी लक्षात ठेवणारे कोणी असेल तरच तो घ्यावा. आपला आहे तो मोफत पत्ताही चालण्यासारखा आहे.

राहिला रीलचा प्रश्न. चिरंजीवांना रील करायच्या असतील तर करू द्या, आणि आपण त्यांना साथ द्या. पील, म्हणजे खोडाजवळ फुटलेला कोंब, कोणत्या उंचीवर आणि कसे कापावे, घडाला पिशवी कशी चढवावी, घडाच्या टोकाचे कमळ केव्हा तोडावे, या गोष्टी पाहूनच समजतात, आणि आपण त्या लिहिण्याचा केलेला प्रयत्न मला स्वतःला नीट समजला नाही, हे प्रांजळपणे सांगते. व्हिडिओ तिथे वरचढ आहे. परंतु पहाटे बागेत उभ्या असलेल्या माणसाला गेल्या पाच थंड्यांत काय झाले, हे तपासायचे असेल, तर तो पाच व्हिडिओ उलगडत बसू शकत नाही. त्याला तारखेने शोधता येणारे चार परिच्छेद हवे असतात. म्हणून रीलच्या शेवटी आपल्या नोंदीचा दुवा असावा आणि नोंदीत त्या रीलचा. यूट्यूबवर उत्पन्नाचा विचार असेल तर चिरंजीवांना हेही ठाऊक असू द्या की, जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी तिथे हजार सदस्य आणि बारा महिन्यांत ४००० तासांचे पाहणे अशी मोठ्या व्हिडिओंसाठीची अट आहे. रस्ता तिकडेही सोपा नाही.

वाचकांच्या संख्येविषयी आपल्या मनात जी खंत आहे, ती पत्रभर जाणवते, म्हणून आणखी एक गोष्ट लिहिते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत, तेही हाताने लिहून. एका हस्तलिखित प्रतीचे वाचक किती असणार? वसतिगृहात राहणारी मुले, एवढेच. शाळेचे काम, मुलांची सेवाशुश्रूषा आणि स्वतःचा अभ्यास संभाळून त्यांनी त्या मोजक्या मुलांसाठी लिहिले, कारण ती मुले कोण आहेत, त्यांना काय हवे आहे, हे त्यांना चेहऱ्यानिशी ठाऊक होते. आपल्या आठ-दहा वाचकांतील दोघे-तिघे तरी नियमित येणारे असतील. ते कोणत्या नोंदी उघडतात, हे ब्लॉगच्या आकडेवारीत दिसते. ते जरूर पाहा. त्यांना कशाची गरज आहे, हे त्यावरून आपल्याला कळेल.

लिखाणात एक बदल मात्र सुचवते. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या नोंदींत ‘केळी लागवडीचे दहा फायदे’, ‘केळीतील पोषणमूल्ये’ अशा मथळ्यांचा मजकूर येऊ लागला आहे. वाचक कमी होऊ लागले तेव्हा गूगलला आवडेल असे लिहावे, असा कोणाचा तरी सल्ला आपण मानला असावा. ते लेख नीट लिहिलेले आहेत, पण ते आपले नाहीत. तसा मजकूर आता यंत्र क्षणात तयार करते, आणि त्या कामात त्याच्याशी स्पर्धा करणे आपल्या वेळेचा अपव्यय आहे. आपण तारीख घालून, शिवाराचे नाव लिहून, काय केले आणि मग काय झाले, एवढेच लिहावे. लेख मोठा असण्याची गरज नाही. त्या आठवड्याचा भाव, तोडणीला आलेल्या मजुरांचा दर, वादळात किती झाडे आडवी झाली, टिश्यूकल्चरच्या रोपांनी निसवायला किती महिने घेतले, हे चार ओळींत लिहिले तरी पुरेसे आहे. आणि ज्या नोंदीत अंदाज चुकला, त्या नोंदीखाली आपण पूर्वी जोडत होता तशा पुढच्या ओळी जोडत जा, कारण सल्ला देणारे पुष्कळ असतात, आपलाच सल्ला फसल्याचे लिहून ठेवणारे फार थोडे असतात.

वयामुळे टंकलेखनाचा कंटाळा येत असेल, तर त्यालाही उपाय आहे. आता फोनवर मराठीत बोलून मजकूर उमटवता येतो, आणि फोन आपल्या बोलीतील शब्द अधूनमधून चुकवतो, पण चिरंजीव किंवा नातवंडांपैकी कोणी ते शब्द दुरुस्त करू शकेल. त्या निमित्ताने हरण्या आणि निसवण हे शब्द कसे लिहायचे, ते तेही शिकतील. फक्त हा मजकूर चित्राच्या स्वरूपात टाकू नका, आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्येही नको. युनिकोडमध्ये लिहिलेला शब्द शोधता येतो, चित्रातील शब्द बहुतेक वेळा हरवतो.

ब्लॉग बंद करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वर्षी बागेत सांगण्यासारखे काही घडले नाही, त्या वर्षी दोनच नोंदी झाल्या तरी हरकत नाही, पण पत्ता जागेवर राहू द्या. आपण गेल्या वर्षभरात लिहिलेले नाही, म्हणजे मधल्या एका थंडीची नोंद राहून गेली आहे. त्या हंगामात नाल्याकडच्या शेवरीच्या कुंपणाने काम केले की नाही, सखल भागातील घड सुटले की अडकले, हे आपल्याला अजून आठवत असेल. ते आधी लिहून काढावे, आणि लिहिल्यावर दुवा मला पाठवावा. मला ते वाचायचे आहे.

आपली,
सदरलेखिका